ओट्यावरचं पत्र

टीव्हीवाल्यांना म्हातारी हवी होती, पण चुलीपुढची. माझी वहिनी साळूबाई हिच्या घरात बारा वर्षांपासून गॅस आहे, खाली चकचकीत फरशी आहे, आणि थंडीत ती लुगड्यावर माझ्या भाच्याचं, राधेश्यामचं, जुनं जर्किन घालते. त्यांना यातलं काहीच चाललं नाही. शेजारच्या सरदारबीच्या मागच्या अंगणात आंघोळीचं पाणी तापवायची चूल आहे. वहिनीला तिच्यापुढे नेऊन बसवलं, जर्किन काढून घेतलं आणि हातात पिठाचा गोळा दिला. आंघोळीच्या चुलीवर भाकरी थापणारी बाई आमच्या उभ्या धावडा गावाने कधी पाहिली नव्हती. ती आता उभ्या महाराष्ट्राने पाहिली.

"आजी, जरा लांब बघा ना," अर्पिता नावाची पोरगी म्हणाली. पुण्याहून आलेली, या सगळ्या कारभाराची मुख्य. "कुणाची तरी वाट बघताय, असं."

"कोनाची बघू माय? येष्टी तर आत्ताच गेली," वहिनी म्हणाली.

हे वाक्य त्यांनी घेतलं नाही. तीन दिवसांत ऐकण्यासारखं तेवढं एकच वाक्य झालं होतं.

कार्यक्रम होता एकाहत्तरच्या लढाईतल्या जवानांच्या पत्रांवर. नाव ठेवलं होतं 'सीमेवरून सप्रेम'. माझा थोरला भाऊ पुंजाराम त्या लढाईत गेला. तोफखान्यात गाडी चालवायचा. पंजाबच्या सीमेवर त्याच्या गाडीवरच गोळा पडला. वहिनी तेव्हा अठरा वर्षांची होती, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यातले दादाच्या सुट्टीचे दिवस मोजले तर महिना-दीड महिना भरेल. ती माहेरी गेली नाही, दुसरं घर केलं नाही. सासू-सासऱ्यांचं केलं, मग धाकट्या दिराच्या पोराला वाढवलं. आता त्याच राधेश्यामकडे असते.

मी उषा. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आणि आता नवीन जालन्यात एकटी राहते. निवृत्त झाले तरी माझ्या हातातलं लाल पेन सुटलेलं नाही असं लोक म्हणतात. दादाची पाचही पत्रं माझ्याकडे आहेत, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, तारीखवार. अर्पिताला फोटो काढायला मीच दिली आणि तासभर मुलाखतही दिली. त्या पत्रांविषयी बोलायचा अधिकार या जगात कुणाला असेल तर तो मला होता, कारण ती वाचली होती मी.

आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. त्या काळी परगावी गेलेला नवरा बायकोला पत्र लिहीत नसे. पत्र यायचं वडिलांच्या नावाने आणि वाचलं जायचं ओट्यावर, चार शेजारी बसलेले असताना. त्यात बायकोचं नाव घालणारा माणूस निर्लज्ज ठरला असता, आणि जिचं नाव आलं ती बायको त्याहून. त्यामुळे बायको मावायची ती शेवटच्या एका ओळीत: 'घरी सर्वांस नमस्कार'. त्या 'सर्वांस'मध्ये आजी, आई, धाकटा भाऊ, चुलत्याचं खटलं, सगळे आधी बसायचे. राहिलीच जागा तर ती.

बाबांना अक्षर येत नव्हतं, आईला नव्हतं, वहिनीला नव्हतं. मी सातवीत होते. पोस्टमन आला की बाबा मला ओट्यावर बसवायचे. वहिनी आतल्या दाराआड हातात पिठाची चाळणी घेऊन उभी राहायची. चाळणी मात्र हलायची नाही. मी वाचायची, 'तीर्थरूप बाबांस बालक पुंजारामचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी. तांबड्या बैलाच्या खुराला औषध लावावे. ज्वारी काढली का ते कळवावे.' आणि शेवटच्या पत्रात एक ओळ, जिने माझं आयुष्य घडवलं: 'उषीला शाळेतून काढू नये.'

त्या दिवाळीत बाबांनी घनसावंगीकडचं एक स्थळ माझ्यासाठी जवळपास पक्कं केलं होतं. पत्र आलं, आणि महिन्याभरात दादाच्या मरणाची तार आली. मग त्या ओळीपुढे बाबांचं काही चाललं नाही. मुलाची शेवटची इच्छा म्हणून त्यांनी मला भोकरदनला शिकायला ठेवलं. पुढे मी मास्तरीण झाले. हे मी शेकडो वेळा सांगितलं आहे. शिक्षक दिनाला सांगितलं, माझ्या निरोप समारंभात सांगितलं, दरवेळी लोकांनी डोळे पुसले. मुलांना मी आयुष्यभर एकच शिकवलं, लिहिलंय तेच वाचायचं, मनाचं घालायचं नाही.

सोळा डिसेंबरला सकाळी अकरा वाजता कार्यक्रम लागणार होता. मी पहाटेची बस धरून भोकरदनला आणि तिथून जीपने धावड्याला पोहोचले. स्टँडवरच राधेश्यामने फ्लेक्स लावला होता. त्यावर तीन पुढारी, स्वतः राधेश्याम, त्याचे दोन मित्र गॉगल लावून, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा आमचा दादा. मरायचं दादाने, छाती काढून उभं राहायचं यांनी. मी तसं बोललेही. राधेश्याम म्हणाला, "आत्या, फोटोच बारीक व्हता, मोठा केला की फाटून राह्यला."

घरात बसायला जागा नव्हती. अर्धी गल्ली फरशीवर, वहिनी मधोमध खुर्चीत, अंगावर कोरी नऊवारी. तिच्या पायाशी सरदारबी. या दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गल्लीत आल्या, तेव्हापासून एकमेकींच्या चुलीचा विस्तव नेत-आणत म्हाताऱ्या झाल्या.

कार्यक्रम सुरू झाला तो बर्फात. जिकडे तिकडे बर्फ. दादाने पाच पत्रांत ऊस लिहिलाय, गहू लिहिलाय, धुकं लिहिलंय. बर्फाचा एक कण नाही. पण यांच्या डोक्यात लढाई म्हणजे बर्फ. त्या बर्फातून दादा म्हणून जो नट चालत आला त्याचे दंड माझ्या मांडीएवढे होते आणि दाढी कोरलेली. आमचा दादा काडीपैलवान. गाडीच्या टपावर चढला तर गाडीला कळायचं नाही. मग ड्रोनने आमचं गाव दाखवलं. इतकं हिरवं, इतकं स्वच्छ, की गावालाच ओळख पटेना. पप्पू दुकानदार तर म्हणाला, "हे कोकणातलं घातलं काय वं?" मग आंघोळीची चूल, मग वहिनीचं लांब बघणं. मागे सारंगी चाललेली. माझी तासाभराची मुलाखत कुठे आहे ते मी शोधत होते. एक शब्द घेतला नव्हता.

आणि मग पडद्यावर पत्र आलं. खरं, दादाचं, शेवटचं. घडीवर फाटलेलं, डाव्या कोपऱ्यात तेलाचा डाग. ते अख्खा पडदाभर दाखवलं आणि त्यावर त्या नटाचा खर्जातला आवाज सुरू झाला.

"प्रिय साळू, इथली रात्र फार लांब असते. तुझ्या बांगड्यांचा आवाज मी खिशात घालून आणलाय. मी परत आलो नाही तर रडू नकोस. अंगणातल्या लिंबाखाली उभी राहा. वारा आला की समज, मी आलो."

मला हसू आवरेना. नाकातून फुर्रर्र आवाज आला. दादा चौथी पास. 'वारा आला की समज' असलं काही तो बोलला असता तर बाबांनी त्याला अंगारा लावायला नेलं असतं. आमच्या अंगणात लिंब नव्हतंच, उकिरडा होता. पण बायका मात्र पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. सरदारबीने वहिनीचा गुडघा धरला. "या अल्ला! क्या लिख्या गे साळू, तेरे मरद ने!" अक्षरशत्रू सगळ्या. समोर कागद दिसतोय, वरून आवाज येतोय, म्हणजे तेच लिहिलंय, झालं.

मी वहिनीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. टीव्हीकडेही बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

कार्यक्रम संपला, चहा झाला, बायका पांगल्या. राधेश्याम सत्काराचं ठरवायला ग्रामपंचायतीत गेला. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. वहिनी मागे येऊन उभी राहिली. ती मला लग्नापासून तुम्ही म्हणते आणि मी तिला तू. ती पाच वर्षांनी मोठी आहे, पण मी नणंद.

"उषाबाई, त्यो कागद तोच व्हता ना? तेलाचा डाग असलेला?"

"तोच."

"मंग तुमी ओट्यावर दुसरंच का वाचलं?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते. कळलं तेव्हा कप हातातच राहिला.

"मामंजीनं सांगितलं व्हतं का? का सासूबाईनं? चार मान्सं बसल्याली, सुनंचं नाव कसं घ्यायचं, म्हनून गाळलं आसंल. म्या तुमाला काय म्हनत न्हाई. पन नंतर तरी सांगायचं. चोपन्न वर्सं झाली. एकदा मला गुरांच्या वाड्याकडं नेऊन कानात सांगितलं आसतं तरी भागलं आसतं."

"वैनी, येडी झालीस का? ते त्या टीव्हीवाल्यांनी मनानं घातलंय. दादानं असलं काही लिहिलं न्हाई."

"कागद तोच व्हता."

"कागद तोच. वाचलं ते खोटं."

"कोनी खोटं वाचलं, त्या टीव्हीवाल्यानं का तुमी, मला कसं कळावं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला येतंय का वाचायला? त्यांनी माझं नाव लिव्हलं व्हतं, उषाबाई. साळू लिव्हलं व्हतं. मला त्यो कागद द्या. मला बाकी काय नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छत्तीस वर्षांत माझ्यावर कुणी खोटेपणाचा ठपका ठेवला नव्हता, आणि तो ठेवला कुणी, तर जिच्याबरोबर एका ताटात जेवले तिने, आणि कशाच्या जोरावर, तर त्या कोरलेल्या दाढीच्या. माझं वाचलेलं तिला पटेना. राधेश्यामकडून वाचून घ्यावं तर तो माझाच भाचा. मी फोन काढला, अर्पिताला लावला आणि आवाज मोठा केला, की होऊ दे एकदाचं दूध का दूध.

"मॅडम! बघितलंत? आजींना आवडलं का?" पोरगी आनंदाने चिवचिवली.

"ते लिंबाखालचं पत्र कुणी लिहिलं?"

"ते ना मॅडम, आम्ही थोडं रिक्रिएट केलंय. म्हणजे पत्र खरंच आहे, फक्त भावना आम्ही... शेवटी बारीक अक्षरात पाटी होती."

"भावना? पत्रात नाही ते घालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालता? मी पाचवीच्या पोरांनाही असलं खपवून घेतलं नाही! लिहिलंय ते वाचायचं! दुसऱ्याच्या कागदावर स्वतःचं घुसडायचं, याला चोरी म्हणतात!"

मी वहिनीकडे बघत बोलत होते. प्रत्येक वाक्याला मान हलवून तिला विचारत होते, ऐकतेस ना?

मग अर्पिता म्हणाली, आणि तिच्या आवाजात खोच नव्हती, ती बिचारी खरोखर खुलासाच करत होती. "सॉरी मॅडम. खरं तर मी तुम्हाला विचारणारच होते. तुमची ती मुलाखत खूप छान झाली होती, उषीला शाळेतून काढू नये वाली. पण ती ओळ मला कुठल्याच पत्रात सापडली नाही. मी पाचही पत्रं तीन-तीनदा वाचली. आमच्या सरांनी सांगितलं, पुरावा नाही तर नको. म्हणून ती काढावी लागली. अजून एखादं पत्र आहे का तुमच्याकडे?"

मी फोन बंद केला.

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की फोन लावताना मला त्याची आठवणसुद्धा नव्हती. ती ओळ कागदावर नाही हे मला ठाऊक होतं, आणि नव्हतंही. तेरा वर्षांची होते. ज्वारी काढली का ते कळवावे इथे पत्र संपत होतं, आणि समोर बाबा घनसावंगीच्या पाहुण्यांना काय निरोप धाडायचा ते ठरवत होते. जीभ आपोआप पुढे गेली. उषीला शाळेतून काढू नये. आवाजही कापला नाही. मग 'घरी सर्वांस नमस्कार'. इतकी वर्षं सांगून सांगून, टाळ्या घेऊन घेऊन, ते दादाने लिहिलंय हे मला इतकं पटलं होतं, की फाइल उघडून बघायची गरज कधी वाटली नाही. त्या पोरीने शेवटी बारीक अक्षरात का होईना, पाटी लावली. मी तेवढंही केलं नव्हतं.

वहिनी खाली बसली, गॅसच्या ओट्याला पाठ टेकून.

"म्हंजी त्यांनी काईच न्हाई लिव्हलं माझ्यासाठी," ती म्हणाली.

"न्हाई."

"बैलाच्या खुराचं लिव्हलं."

"व्हय."

"अन् तुमचं बी न्हाई लिव्हलं. तुमचं तुमी लिव्हलं."

मी मान हलवली.

"बरं केलं," ती म्हणाली. "शिकल्या. चांगलं झालं. त्याचं मला वाईट न्हाई." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं. "पन उषाबाई, कागद तुमच्या हातात व्हता. म्या दाराआड हुबी राह्यचे ते तुमाला दिसत व्हतं. तुमचं वाचून झाल्यावर बी म्या हुबीच राह्यचे. कोनालाच वाचता येत न्हवतं. तुमी काय बी वाचलं आसतं तरी कोनाला कळलं नसतं. सवताच्यासाठी वळ जोडता आली. माझ्यासाठी एक वळ जोडायला काय झाल्तं?"

"वैनी, मी लहान..."

"त्या टीव्हीवालीनं मला तीन दिस बघितलं. तिला समजलं, मला काय आयकायचं हाय ते."

ती उठली आणि तांदूळ निवडायला घेतले. मी तिच्यासमोर बसून राहिले. तिच्या दुःखावर तोडगा नव्हता आणि माझ्या खोटेपणावर सबब नव्हती. जिला मी सकाळपासून नाकाने हसत होते त्या पोरीने जे केलं ते मला चोपन्न वर्षांत सुचलं नाही. सुचलं नाही हेही खोटं आहे. मला गरज पडली नाही.

चारला कार्यक्रम पुन्हा लागणार होता. ज्यांचं सकाळचं हुकलं होतं त्या बायका आल्या, ज्यांचं हुकलं नव्हतं त्याही आल्या. सरदारबी सगळ्यांच्या पुढे. वहिनी येईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती येऊन त्याच खुर्चीत बसली. आता तिला माहीत होतं की तो नट आहे, ते शब्द पुण्यातल्या पोरीचे आहेत. तरी कोरी नऊवारी तिने उतरवली नव्हती.

बर्फ आला, दाढी आली, ड्रोन आला. पत्र आलं. प्रिय साळू म्हटल्यावर वहिनीने डोळे मिटले. मी या खेपेला हसले नाही.

पत्र संपल्यावर जाहिराती लागल्या. सरदारबी वहिनीकडे वळून म्हणाली, "साळू, येक बात पूछू? त्या टायमाला मीबी ओट्याखाली बसायची आयकायला. असं कायी आयकल्याचं मला याद न्हाई. खरंच लिव्हलं व्हतं का गं?"

खोलीतल्या सगळ्या बायका वहिनीकडे बघायला लागल्या. वहिनीने डोळे उघडले आणि मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. तिला खोटं बोलता येत नाही. तिच्या तोंडून आता 'न्हाई' निघणार होतं, आणि उद्यापर्यंत अख्ख्या धावड्यात झालं असतं, की साळूबाईचं पत्र खोटं, नवऱ्याने तिचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

"लिहिलं होतं," मी म्हणाले. "माझ्या दादानं लिहिलं होतं. मीच वाचलं नाही. भावजयीचं नाव चारचौघांत कशाला घ्यायचं, म्हणून मी गाळलं. नंतरही सांगितलं नाही."

मग सरदारबीने सुरुवात केली, आणि तिने सुरुवात केली की थांबवणं कुणाच्या बापाला जमत नाही. शिकलेली बाई, पोरांना शिकवलेली बाई, अन् विधवेच्या हक्काचा कागद दाबून बसली. खुदा तुला विचारील. दुसरी म्हणाली, नणंदेची जातच अशी. तिसरी म्हणाली, म्हणून सकाळी हसत होती बघा, नाकातून. पप्पू दुकानदाराची म्हातारी आई तर तोंडावर पदर घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली. छत्तीस वर्षं मिळवलेली अब्रू जाहिराती संपायच्या आत गेली. आणि मी ऐकून घेतलं, कारण त्या शिव्या कारणाला चुकीच्या होत्या, माणसाला नव्हत्या.

सरदारबीचा दम संपला तेव्हा ती वहिनीला म्हणाली, "अन् तू गप? तुला संताप येत न्हाई हिचा?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आल्ता," ती म्हणाली. "दुपारी लई आल्ता. आता न्हाई."

मग जाहिराती संपल्या, आणि तिने मला जरा बाजूला सरकून बसायला सांगितलं. मी टीव्हीच्या आड येत होते.